ट्रेकिऑस्टॉमी चौदाव्या दिवशी की एकविसाव्या?

पत्राचा गोषवारा: मुलगा सात वर्षांचा. वडिलांच्या मोटारसायकलवर पुढे बसला होता, उसाच्या ट्रॉलीला धडक बसली. दवाखान्यात पोचला तेव्हा कोमा स्कोअर १५ पैकी ५. एका खासगी रुग्णालयात, मुलांच्या आयसीयूत आज बारावा दिवस. मेंदूतला दाब मोजणारी तार आठव्या दिवशी काढली. नवव्या दिवशी तोंडातली नळी काढून पाहिली. पाच तासांत कफ साठला, ऑक्सिजन ८४ वर आला, नळी परत घालावी लागली. आता तो डोळे उघडतो, पण नजर लावत नाही, सांगितलेलं करत नाही. सक्शन करताना, म्हणजे मशीनने कफ ओढून काढताना, खोकतो. डॉक्टर म्हणतात, चौदाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवू, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी करू. पुण्याचे नात्यातले डॉक्टर म्हणतात, हे पाचव्या दिवशीच व्हायला हवं होतं. ओळखीचे दुसरे डॉक्टर म्हणतात, मुलांमध्ये २१ दिवस थांबतात. आजोबा म्हणतात, गळ्याला भोक पाडलं की पोर कायमचं अंथरुणाला खिळेल, गल्लीतल्या एका काकांचं तसंच झालं. आई विचारते: "सही कधी करू? की करूच नको?"

ताई,

तुमच्यापुढे तीन वेगवेगळे दिवस ठेवले गेलेत आणि त्यातला बरोबर दिवस निवडायची जबाबदारी आपली आहे असं तुम्हाला वाटतंय. आधी एक सांगतो: तिघांपैकी कोणीही तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. तिन्ही आकडे डॉक्टरांच्या जगातलेच आहेत. पण ते मोठ्या माणसांवरून आलेत.

पाचवा-सातवा दिवस हा मेंदूला मार लागलेल्या प्रौढांच्या आयसीयूतला आहे. अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांबद्दल म्हणतात की लवकर ट्रेकिऑस्टॉमी केल्यास व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात. पण त्यामुळे मृत्यू किंवा न्यूमोनिया कमी होतो याला पुरावा नाही, हेही तिथेच लिहिलंय. २१ चा आकडा त्याहून जुना. १९८९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून मत दिलं की कृत्रिम श्वास दहा दिवसांत संपेल असं वाटत असेल तर तोंडातली नळी राहू द्या, आणि २१ दिवसांहून जास्त लागेल असं दिसत असेल तर ट्रेकिऑस्टॉमी करा. म्हणजे '२१ दिवस थांबा' असं त्यात नव्हतंच. पुढचा अंदाज कसा दिसतो ते पाहून ठरवा, असं होतं. सांगीवांगीत त्या अंदाजाची मुदत झाली, आणि ती मुदत आज तुमच्यासारख्या आईच्या कानावर पडते.

खरं तर 'कधी करायची' हा प्रश्नच फार जुना नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून घेऊन नळी बसवली आणि फुगा दाबून तिला श्वास दिला. पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून असे फुगे दाबले. तेव्हा थांबून पाहण्याची सोयच नव्हती, कारण दिवसेंदिवस तोंडात ठेवता येईल अशी नळी नव्हती. साठच्या दशकात मऊ प्लास्टिकच्या नळ्या आल्या, लहान मुलांना त्या आठवडे-आठवडे सोसतात हे लक्षात आलं, आणि तेव्हापासून डॉक्टरांना थांबता येऊ लागलं.

मुलांना त्या का सोसतात, तर त्यांच्या स्वरयंत्राच्या कूर्चा मऊ, लवचीक असतात. प्रौढाच्या घशात दोन आठवड्यांत जितकी इजा होते तितकी मुलाच्या घशात त्याच मुदतीत सहसा होत नाही. पण मुलांचा एक कमकुवत भाग आहे. स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड नावाची कडी असते, ती कूर्चेचीच, पण सगळीकडून बंद असते. आत सूज आली तर तिला पसरायला जागा नाही; वाट आतल्या आत अरुंद होते. म्हणून नळी योग्य मापाची असणं आणि तिच्या टोकाजवळच्या छोट्या फुग्यातला दाब २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर न जाणं हे दिवस मोजण्याइतकंच महत्त्वाचं. हा दाब एका छोट्या घड्याळासारख्या मीटरने पाळीगणिक मोजतात. तुमच्याकडे तो मोजतात का, हे सिस्टरना विचारायला काहीच हरकत नाही.

आता दिवस थोडे बाजूला ठेवू आणि तोंडातली ती नळी नेमकं काय काम करतेय ते पाहू. तिची कामं दोन. एक, फुप्फुसात हवा ढकलणं. दुसरं, वाट उघडी ठेवणं आणि कफ काढायला रस्ता देणं. मेंदूला मार लागलेल्या बऱ्याच मुलांचं पहिलं काम आठवड्या-दहा दिवसांत संपतं. फुप्फुसं चांगली असतात, मूल स्वतः श्वास घेतं. अडतं ते दुसऱ्या कामावर. जीभ मागे पडते, लाळ गिळली जात नाही, खोकला कफ वर आणण्याइतका जोरदार नसतो. तुमच्या मुलाने पाच तास स्वतः श्वास घेतला आणि मग कफापुढे हार खाल्ली. याचा अर्थ त्याला मशीन लागतंय असं नाही, त्याला वाट राखणारं काहीतरी लागतंय. आयसीयूत विचारा: "व्हेंटिलेटर आता किती आधार देतोय? फक्त कमी दाबाच्या आधारावर अर्धा ते दोन तास ठेवून पाहिलंत का? तो दमला का?" उत्तर 'नाही दमत' असं असेल, तर पुढचं सगळं बोलणं वाटेबद्दलचं आहे.

मग नवव्या दिवशी नेमकं काय बिघडलं? या एका प्रश्नावर तुमचा निर्णय बराचसा ठरणार आहे, आणि पत्रात नेमकं तेवढंच नाही. 'कफ साठला' हे दिसलं ते झालं. त्यामागचं कारण वेगवेगळं असू शकतं.

श्वास घेताना कर्कश, कोंबड्याच्या आरवण्यासारखा आवाज येत होता का? तसं असेल तर घशात सूज होती. त्यावर इलाज आहे: पुढच्या वेळी नळी काढायच्या किमान ६ ते १२ तास आधी सूज उतरवणारं डेक्सामेथासोन सुरू करतात, नंतर ॲड्रेनलिनची वाफ देतात. झोपेची औषधं किती तास आधी बंद केली होती? मिडॅझोलम सात-आठ दिवस चालू राहिलं तर ते शरीरात साठतं, बंद केल्यावरही मूल दोन-तीन दिवस गुंगीत राहू शकतं. त्या गुंगीत काढलेली नळी परत घालावी लागली तर तो मेंदूचा निकाल नाही. तेव्हा न्यूमोनिया होता का? कफ पिवळा-घट्ट होता आणि आता ॲन्टिबायोटिकने पातळ झालाय, तर पुन्हा पाहण्यात अर्थ आहे. पातळ लाळच भरभरून येत असेल तर ग्लायकोपायरोलेटने ती कमी करता येते. मात्र डोस जास्त झाला तर उरलेला कफ चिकट होऊन नळीत अडकतो. आणि नळी काढल्यावर नाकातून जोराचा गरम-दमट ऑक्सिजन किंवा मास्कमधून दाबाने हवा देणारा बायपॅप दिला होता का?

यातलं एखादं दुरुस्त होण्यासारखं कारण सापडलं, तर आमचं मत स्पष्ट आहे: ट्रेकिऑस्टॉमीच्या आधी आणखी एकदा, तयारीनिशी, नळी काढून पाहावी. तयारीनिशी म्हणजे सकाळच्या वेळी, नळीचं दूध चार ते सहा तास आधी थांबवून, भूलतज्ज्ञ किंवा नाक-कान-घशाचे सर्जन हाताशी असताना, पुन्हा नळी घालायचं सामान उशाशी मांडून, फिजिओथेरपिस्टने छाती मोकळी करून दिल्यावर. रात्री अकरा वाजता, कमी माणसांत, हा प्रयोग करू नये. यात मूल अजून सांगितलेलं ऐकत नाही म्हणून आशा सोडायची गरज नाही. कोमा स्कोअर कमी असलेल्या मुलांचीही नळी निघते, जर खोकला जोरदार असेल आणि सक्शन दोन-तीन तासांतून एकदाच लागत असेल.

पण समजा डॉक्टर म्हणाले की सूज नव्हती, गुंगी नव्हती, न्यूमोनिया नव्हता. खोकला आहे तो सक्शनची नळी खोल गेल्यावरच येतो, एरवी लाळ घशात घुटमळत राहते, दर अर्ध्या-पाऊण तासाला सक्शन लागतं, आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाला किंवा दोन्ही बाजूंच्या खोल भागांना मार दिसतोय. मग ही वाट दोन-चार दिवसांत स्वतः सांभाळेल असं मूल नाही. त्याला काही आठवडे, कदाचित काही महिने लागतील. तिथे चौदाव्याचा एकविसावा दिवस करून हाती काही लागत नाही, आणि त्या सात दिवसांची किंमत मात्र मूल मोजतं.

ती किंमत कोणती, हे सहसा नीट सांगितलं जात नाही. न्यूमोनियाची भीती सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट आमच्या मते झोपेच्या औषधांची आहे. तोंडातली नळी जागं होणाऱ्या मुलाला सहन होत नाही. ते चावतं, मान झटकतं, हात नळीकडे नेतं. मान पुढे वाकली की नळी आत सरकते, मागे गेली की वर येते, आणि मुलाच्या छोट्याशा श्वासनलिकेत एवढा फरकही नळी निसटायला पुरतो. म्हणून त्याला औषधाने शांत ठेवतात, हात बांधतात. म्हणजे मेंदू जागा व्हायला धडपडतोय तेव्हाच आपण त्याला झोपवत राहतो, आणि तो किती जागा होतोय हे डॉक्टरांना आणि तुम्हालाही कळत नाही. नळी गळ्यात गेली की बहुतेक मुलांची गुंगीची औषधं उतरवता येतात. मूल खुर्चीत बसतं, फिजिओथेरपी खरी सुरू होते, तोंड धुता येतं, ओठ पुसता येतात. आयसीयूतून वॉर्डात येतं, तुम्ही दिवसभर त्याच्याजवळ बसू शकता.

आता पुण्याच्या नातेवाइकांचं म्हणणं. पाचव्या दिवशी करायला हवं होतं का? नाही. गंभीर मारानंतर मेंदूची सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. या शस्त्रक्रियेत मुलाला सपाट झोपवून, खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे करावी लागते. श्वासनलिका उघडताना काही क्षण हवा नीट जात नाही आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. या दोन्हींनी मेंदूतला दाब चढतो. म्हणून दाब २० मिलिमीटरच्या खाली, डोकं सपाट केलं तरी, एक-दोन दिवस स्थिर राहिल्याशिवाय हात लावू नये. तुमच्या मुलाची तार आठव्या दिवशी निघाली, म्हणजे पाचव्या दिवशी तो तयार नव्हता. तुम्ही काहीही गमावलेलं नाही, ती खंत मनातून काढून टाका.

'लवकर केलेलं बरं' याला आधार म्हणून जे अभ्यास दाखवतात त्यात मुलांचे आहेत, पण ते जुन्या केसपेपरांवरून केलेले. त्यात लवकर झालेल्या मुलांचे व्हेंटिलेटरचे आणि आयसीयूचे दिवस कमी दिसतात. मात्र थांबल्यामुळे ज्यांची नळी तोंडातूनच निघून गेली, ज्यांना छिद्र लागलंच नाही, ती मुलं अशा हिशोबात येतच नाहीत. ही त्रुटी प्रौढांच्या एका मोठ्या चाचणीने उघड केली. ब्रिटनमधली ट्रॅकमॅन चाचणी, २०१३ मध्ये छापून आली. ९०९ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटात चार दिवसांच्या आत ट्रेकिऑस्टॉमी, दुसऱ्यात दहा दिवसांनंतर, आणि तीही तेव्हा गरज उरली तरच. तीस दिवसांतले मृत्यू जवळजवळ सारखे निघाले. आणि थांबलेल्या गटात निम्म्याहून अधिक लोकांना ती करावीच लागली नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवर जर्मनी-अमेरिकेत झालेल्या चाचणीतही, २०२२ मध्ये, सहा महिन्यांनंतरच्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. मुलांवर अशी मोठी चाचणी नाही. म्हणून घाई न करणं शहाणपणाचं, आणि कारण स्पष्ट झाल्यावर रेंगाळणं तितकंच चुकीचं.

अपवाद सांगायला हवेत, कारण हे वाचणाऱ्या इतर घरांतली परिस्थिती वेगळी असेल. मानेचा मणका वरच्या भागात मोडून मज्जारज्जू गेला असेल, चेहरा-जबडा चुरडला असेल, दोन्ही स्वरतंतू लुळे पडले असतील, तर थांबून काही मिळत नाही. प्रकृती स्थिर होताच करतात. उलट वादळासारखे झटके येणारी मुलं असतात: एकाएकी घाम, १६०-१८० नाडी, ताप, हातपाय ताठ. ती मिरगी नसते, मेंदूचा लगाम सुटल्याने शरीर उसळतं. प्रोप्रॅनोलॉल, क्लोनिडिन, गॅबापेन्टिन यांनी ते आवरेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलणं योग्य. आणि वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये गळ्यातली नळी फार बारीक असते, कफाच्या एका गोळीने बंद पडते. तिथे अधिक धीर धरतात.

आजोबांचं बोलणं. गल्लीतल्या काकांना छिद्र पडलं आणि ते उठले नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्याला खोटं म्हणू नका. पण काका छिद्रामुळे खिळले की खिळण्याइतका मार मेंदूला बसला होता म्हणून छिद्र लागलं? गळ्यातल्या नळीने हातापायांची ताकद जात नाही, बुद्धी जात नाही. ती मेंदू बरा करत नाही आणि बिघडवतही नाही. आजोबांना एक गोष्ट दाखवा: छिद्र स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या जागी असतं. स्वरतंतूंना हात लागत नाही. नळी असेपर्यंत आवाज येत नाही, कारण हवा स्वरतंतूंपर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडते. नळी निघाली की वाट परत तीच.

आवाज जाणं तुम्हाला मात्र जड जाणार आहे. मूल रडेल आणि ऐकू येणार नाही. त्याची तयारी आधीच ठेवा. पुढे डॉक्टर बोलण्याची झडप देऊ शकतात. ती श्वास आत घेऊ देते, बाहेर सोडताना बंद होऊन हवा वर पाठवते. ही झडप नळीचा फुगा फुगवलेला असताना कधीही, एक मिनिटही लावायची नाही. फुगा फुगलेला असेल तर हवा आत जाते आणि बाहेर यायला वाटच राहत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

आणखी एक बोलणं आहे जे पत्रात तुम्ही टाळलंत, आणि कोणतीही आई टाळेल. मूल जागं होणार का? नवव्या-बाराव्या दिवशी हे कोणी छातीठोक सांगू नये. मुलांची सुधारणा महिनोन् महिने चालते. पण गळ्यातली नळी ही लांबच्या रस्त्याची तयारी असते, म्हणून सही करण्याआधी न्यूरोसर्जन आणि मुलांचे आयसीयू डॉक्टर यांना एकत्र बसवून विचारा: "एमआरआय काय म्हणतो? तीन महिन्यांनी तो सर्वात चांगला कसा असू शकेल, सर्वात वाईट कसा?" दोन्ही टोकं मागा. उत्तर फार काळं असेल आणि घरात 'एवढं करून त्याला त्रासच देतोय का' हा प्रश्न उठला, तर तो उघडपणे विचारायची मुभा कायद्याने दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलेली आणि २४ जानेवारी २०२३ ला सोपी केलेली, उपचार थांबवण्याची पद्धत आहे. तिच्यात रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं पाहतात. तुमच्या मुलाचे डोळे उघडताहेत, खोकला येतोय, त्यामुळे आज तो प्रश्न तुमच्या दारात नाही. पण तो मनात आला तर अपराधी वाटून घेऊ नका.

आता समजा तुम्ही होय म्हणालात. ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्याआधी काही गोष्टी पक्क्या हव्यात: मानेच्या मणक्याला इजा नाही हे तपासलंय (कॉलर अजून असेल तर मान मागे कशी करणार, हे सर्जनना विचारा), प्लेटलेट ५० हजारांच्या वर, रक्त गोठण्याचा आयएनआर १.५ च्या खाली. व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या आत. आणि त्या दिवशी ताप किंवा नवा न्यूमोनिया नाही. नाकातली दुधाची नळी अजून महिनाभर तरी लागेल असं दिसत असेल तर पोटातली नळी त्याच भुलेत बसवता येईल का, हेही तेव्हाच विचारा. एक भूल वाचते.

पहिले सात दिवस सर्वात जोखमीचे. श्वासनलिकेच्या छिद्राच्या दोन्ही कडांना एकेक टाका घालून त्याचे दोरे छातीवर चिकटवतात, 'डावा', 'उजवा' असं लिहून. ते कापू नका, ओढू नका. नळी चुकून निघाली तर ते दोरे ताणले की छिद्र वर येतं आणि नळी परत जाते. दोरे नसतील तर घाईत नळी मांसात घुसते, श्वासनलिकेत जातच नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी सर्जन पहिली नळी स्वतः बदलतात. तोपर्यंत वाट पक्की झालेली असते. नंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत छिद्रातून ताजं लाल रक्त आलं, थोडंसं जरी, तर 'जखमेचं असेल' म्हणून थांबू नका. क्वचित नळीचं टोक छातीतल्या मोठ्या धमनीला घासतं आणि आधी अशी छोटीशी सूचना मिळते.

घरी न्यायच्या आधी दोन माणसं शिकलेली हवीत. एक नको, दोन. एक माणूस आजारी पडतो, दुकानात जातो, दमतो. रुग्णालयात सलग दोन रात्री तुम्ही दोघांनीच सगळं करून दाखवायचं, सिस्टरनी फक्त पाहायचं. सात वर्षांच्या मुलाला साधारण ५ ते ५.५ मिलिमीटरची नळी लागते. उशाशी दोन जास्तीच्या: एक त्याच मापाची, एक अर्ध्या मिलिमीटरने लहान. सक्शनची नळी निवडायचा सोपा हिशोब म्हणजे नळीच्या मापाची दुप्पट. ५ मिलिमीटरला १० नंबर. मशीनचा दाब ८० ते १२० मिलिमीटर. सक्शनची नळी किती आत घालायची ते आधी जास्तीच्या नळीवर मोजून पेनने खूण करा. गळ्यातल्या नळीच्या टोकापेक्षा अर्धा सेंटिमीटर पुढे, बस. आतल्या भिंतीला रोज टोचत राहिलं की तिथे मांस वाढतं. प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या आत. कफ चिकट असेल तर सलाईनची वाफ आणि नळीच्या तोंडावर ओलावा धरणारी टोपी. प्रत्येक सक्शनला सलाईन ओतायची सवय लावू नका, ते सलाईन आत जातं.

गावाकडे वीज जाते. बॅटरीवर चालणारी सक्शन मशीन घ्या आणि शिवाय पायाने दाबायचा एक पंप. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा), पट्ट्या, कात्री, जेली, पल्स ऑक्सिमीटर हे सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी मूल जाईल तिथे, अंगणातसुद्धा. मानेच्या पट्टीखाली एक बोट जाईल एवढीच ढिली ठेवा. दोन बोटं गेली तर रात्री नळी निसटते. टाल्कम पावडर, उदबत्ती, चुलीचा धूर, मिरवणुकीतला गुलाल यांपासून लांब. आंघोळ बसवून, पाणी छातीच्या खाली. रात्री ऑक्सिमीटर लावलेला आणि एक माणूस हाकेच्या अंतरावर, कारण हाक मूल मारू शकत नाही.

आणि हा क्रम भिंतीवर लिहून लावा. मुलाचा श्वास अडला, ओठ निळे पडले: टोपी किंवा झडप काढा. सक्शन घाला. सक्शनची नळी खूणेपर्यंत जात नसेल तर गळ्यातली नळी बंद पडली आहे, फुगा असेल तर रिकामा करून ती ताबडतोब काढा आणि नवी घाला. ती जात नसेल तर लहान मापाची. तीही जात नसेल तर छिद्र बोटाने झाका आणि तोंडावर मास्क लावून अंबू दाबा. बंद नळी गळ्यात ठेवून गाडी शोधत बसणं, ही सर्वात मोठी चूक. हा सराव बाहुलीवर, घड्याळ लावून, निदान पाच वेळा करा.

खर्चासाठी रुग्णालय योजनेत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आजच भेटा. मशीनपासून नळ्यांपर्यंत प्रत्येक बिल जपून ठेवा. अपघाताच्या दाव्यात पुढच्या देखभालीचा खर्चही मागता येतो.

नळी निघणार कधी, हे आजोबा विचारतीलच. तेव्हा सांगा: व्हेंटिलेटर सुटलेला हवा, खोकून कफ तो स्वतः नळीच्या तोंडाशी आणायला हवा, सक्शन दिवसातून मोजक्या वेळा लागायला हवं. मग दुर्बिणीने वरची वाट पाहतात, नळी लहान करतात, दिवसा टोपण लावतात, नंतर झोपेतही. हे सगळं जमलं की रुग्णालयात काढतात आणि एक-दोन दिवस तिथेच नजरेखाली ठेवतात. छिद्र बहुतेकदा काही दिवसांत-आठवड्यांत आपोआप मिटतं. नळी वर्षाहून जास्त राहिली असेल तर कधी टाके घालून बंद करावं लागतं. काही मुलांची तीन-चार महिन्यांत निघते, काहींची वर्षं राहते, आणि ते मेंदू किती परततो त्यावर ठरतं.

उद्या सकाळी डॉक्टरांचा राउंड होईल तेव्हा दिवसांबद्दल काही विचारू नका. एवढंच विचारा: "नवव्या दिवशी नळी टिकली नाही त्याचं कारण काय होतं, आणि ते कारण आता गेलंय का?" ते म्हणाले 'सूज होती' किंवा 'गुंगी होती', तर आणखी एक प्रयत्न मागा, दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही. ते म्हणाले 'घसाच अजून जागा नाही', तर चौदाव्या दिवशी सही करा. मुलाच्या वडिलांनाही त्या वेळी सोबत घ्या. गाडी तेच चालवत होते. त्यांना त्या खोलीत यायचं धाडस होत नसेल, पण पुढे सक्शन शिकणारं दुसरं माणूस तेच असणार आहेत.